कोटींचे कार्ड : आकड्याबरोबर पुरावाही छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत हेरिटेज या लिलावगृहाच्या लिलावात बास्केटबॉलचे एक कार्ड १ कोटी २९ लाख ३२ हजार डॉलरला गेले. अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असा तो पुठ्ठा. त्यावर मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट यांच्या सह्या आणि दोघांच्या जर्सीवरून काढलेली एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगची बोधचिन्हे. रुपयांत ही रक्कम शंभर कोटींच्या पुढे जाते. अशी बातमी आली की आकडा मथळ्यात बसतो, तो कशामुळे आला याचा मात्र मजकुरात पत्ता नसतो. वाचक मग आपापला अर्थ लावतो : मोठा खेळाडू, त्याची सही, म्हणून एवढे पैसे. या समजावर कोणी कपाटातली सहीची बॅट विकायला काढतो, तर कोणी अमेरिकेतल्या भाच्याकडून जॉर्डनचे ‘सहीचे’ कार्ड दोनशे डॉलरला मागवतो. जॉर्डनची खरी सही या भावात मिळत नाही, हे भाच्यालाही ठाऊक नसते.

म्हणून एक विनंती आहे. यापुढे अशी बातमी देताना आकड्यासोबत चार गोष्टी छापाव्यात : सही कशावर आणि कोणाच्या देखत झाली, त्या कार्डाच्या प्रती किती आहेत, खेळाडूच्या कारकिर्दीतले ते कोणते कार्ड आहे, आणि त्याची अवस्था कशी आहे. या चार गोष्टींवाचून आकड्याला अर्थ नाही. तो कसा नाही, ते थोडे विस्ताराने मांडू द्यावे.

सुरुवात सहीच्या खरेपणापासून करावी लागते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. या व्यवहारात पुराव्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. वरची पायरी कार्ड छापणाऱ्या कंपनीची. कंपनी खेळाडूशी करार करते, कार्डे त्याच्याकडे पाठवते, तो सह्या करून परत देतो आणि ती कार्डे बंद पाकिटांत मिसळून विकली जातात. कार्डाच्या मागे कंपनीची हमी छापलेली असते. ही पद्धत तशी अलीकडची आहे. १९९० मध्ये अपर डेक कंपनीने बेसबॉलपटू रेजी जॅक्सनची २,५०० सहीची कार्डे पाकिटांत टाकली, प्रत्येकावर हाताने क्रमांक लिहून. तेव्हापासून पाकिटातून सही निघू शकते ही कल्पना रूढ झाली आणि आजचा सारा बाजार त्यावर उभा राहिला.

त्याखालची पायरी साक्षीदाराची. खेळाडू सही करत असताना कंपनीचा किंवा तपासणी संस्थेचा माणूस समोर उभा असतो आणि लगेच त्या वस्तूवर क्रमांक असलेली होलोग्रामची चिकटपट्टी लावतो. त्याखाली मताची पायरी. सही आधीच कुठेतरी झालेली असते, ती पीएसए, जेएसए किंवा बेकेट या तपासणी संस्थांकडे जाते आणि त्यांचे तज्ज्ञ खात्रीच्या नमुन्यांशी ताडून मत देतात. हे मत अनुभवी माणसाचे असते आणि बाजार त्याला मानतो, पण ते मतच असते. सही होताना त्या तज्ज्ञाने पाहिलेली नसते. आणि अगदी तळाला विक्रेत्याने स्वतःच छापून दिलेला ‘सत्यतेचा दाखला’. त्याची किंमत त्या कागदाएवढीच.

असे म्हणायला आधार आहे. १९९० च्या दशकात सॅन दिएगोच्या एफबीआय कार्यालयाने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम चालवली. खोट्या सह्या करणारी एक मोठी टोळी त्यात सापडली आणि बनावट सह्यांसोबत बनावट दाखलेही सापडले. सॅन दिएगोचा बेसबॉलपटू टोनी ग्विन याला तर आपल्याच संघाच्या मैदानावरच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या होत्या. या प्रकरणानंतर २००१ पासून मेजर लीग बेसबॉलने प्रत्येक सामन्याला स्वतःचा साक्षीदार बसवायला सुरुवात केली. त्यांतले बरेच निवृत्त पोलीस असतात. त्यांच्या डोळ्यांदेखत घडले तेवढ्यालाच चिकटपट्टी मिळते. चेंडू प्रेक्षकांत गेला आणि नजरेआड झाला, की चिकटपट्टी नाही.

वरच्या पायरीवरही चूक होते, हेही सांगायला हवे. २०१६ च्या एका अमेरिकन फुटबॉल संचात एका नवोदित खेळाडूच्या सह्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत जुळताहेत, असे संग्राहकांच्या लक्षात आले. सह्या यंत्राने केल्यासारख्या वाटतात म्हणून त्या प्रमाणित करायला नकार मिळाला. माणसाचा हात दोनदा तीच रेघ ओढत नाही. यंत्राची सही ओळखायची खूण अशी : सुरुवातीला आणि शेवटी शाईचा गोल ठिपका, मध्ये सगळीकडे सारखाच दाब, वळणांवर किंचित थरथर. हाताची सही वेगात असते. तिची टोके निमुळती होतात, खालच्या ओढीत शाई दाट आणि वरच्या ओढीत पातळ उतरते. नक्कल करणारा माणूस हळू लिहितो, म्हणून त्याची टोके बोथट असतात आणि मधेच कुठेतरी पेन उचलल्याचा जोड दिसतो.

छापील सहीचा घोळ तर त्याहून सामान्य आहे. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या बेसबॉल संचात प्रत्येक खेळाडूच्या चित्राखाली चौकटीत सही छापलेली आहे. त्याच संचातले मिकी मँटलचे कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेले, आणि त्यावर हाताची सही नाही. जॉर्डन-कोबी कार्डाने तीन वर्षांनी त्याच्या आकड्याला मागे टाकले. म्हणजे पत्त्यांएवढ्या पुठ्ठ्याला एवढी किंमत यायला सहीच हवी असे नाही, आणि सही दिसली म्हणजे ती हाताचीच असेल असेही नाही. ओळखायला सोपे आहे. घड्याळजीकडे असते तसे दहापट भिंग घ्यावे. छापलेल्या रेघेत बहुधा रंगांचे बारीक ठिपके दिसतात, किंवा शाई पुठ्ठ्याच्या चकाकीखाली असते. हाताची शाई चकाकीच्या वर बसते. कार्ड दिव्याखाली तिरपे धरले की तिचा वेगळा पोत आणि किंचित जांभळट झाक दिसते, आणि दोन रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे शाई दुप्पट गडद होते.

जुन्या खेळाडूंच्या बाबतीत कोणत्या पेनाने सही केली, हाच मोठा साक्षीदार असतो. अमेरिकेत बॉलपेन बाजारात आले ते ऑक्टोबर १९४५ मध्ये. शार्पी हे जाड टोकाचे मार्कर १९६४ मध्ये आले. बेसबॉलपटू लू गेरिग जून १९४१ मध्ये वारला, तेव्हा त्याची बॉलपेनची सही असूच शकत नाही. त्याच्याच खेळातला बेब रूथ ऑगस्ट १९४८ मध्ये गेला. त्याच्या बॉलपेनच्या सहीला अवघी तीन वर्षे मिळतात, आणि मार्करची सही तर सरळ खोटी. कागदही बोलतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात चमक आणणारी रसायने घालायला लागले. अतिनील टॉर्चखाली असा कागद निळसर पांढरा पेटतो. रूथच्या आयुष्यातला म्हणून दाखवलेला कागद असा पेटत असेल तर हात आखडता घ्यावा. तीन-चारशे रुपयांच्या टॉर्चने होणारी ही तपासणी लाखो रुपये वाचवते.

सही कशावर आहे, यावरही भाव फिरतो. खेळाडूने थेट कार्डावर केलेली सही सर्वांत वरची. संग्राहक तिला ‘ऑन-कार्ड’ म्हणतात. दुसरा प्रकार स्टिकरचा. कंपनी पारदर्शक पट्ट्यांचे ताव खेळाडूला पाठवते, तो एका बैठकीत शेकडो पट्ट्यांवर सह्या करतो आणि पुढे कारखान्यात त्या कार्डांवर चिकटवतात. कंपनीला हे सोयीचे पडते, कारण कार्ड छापून व्हायची वाट पाहावी लागत नाही. पण खेळाडूने ते कार्ड हातातही घेतलेले नसते. शिवाय पट्टी तिरकी बसते, कडा सुटतात, घाईत केलेली सही पट्टीबाहेर गेली तर तिचे टोक कापले जाते. खेळाडू, वर्ष आणि प्रतींची संख्या सारखी असली तरी स्टिकरचे कार्ड ऑन-कार्डपेक्षा स्वस्त जाते. तिसरा प्रकार ‘कट’. पत्रावरची, धनादेशावरची किंवा वहीतली जुनी सही कापून कार्डात खिडकी करून बसवतात. रूथसारख्या दिवंगतांच्या सह्या कंपनीच्या कार्डात अशाच येतात.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे रिडेम्प्शन. खेळाडूने सह्या वेळेत दिल्या नाहीत की पाकिटात कार्डाऐवजी सांकेतिक अंकांची चिठ्ठी निघते. ती कंपनीकडे नोंदवली की पुढे कधीतरी कार्ड येते. अशा चिठ्ठ्यांना मुदत असते. वापरलेल्या किंवा मुदत संपलेल्या चिठ्ठ्या नवख्या लोकांना ऑनलाइन विकल्या जातात. चिठ्ठीचे अंक खरवडलेले दिसले तर ती घेऊ नये.

आता प्रती किती आहेत याकडे. कार्डावर २३/९९ असे छापलेले असले की ती ९९ पैकी तेविसावी प्रत. टॉप्सच्या बोमन क्रोम या मालिकेत एकाच सहीच्या कार्डाच्या रंगीत आवृत्त्या असतात : साधी रिफ्रॅक्टर (इंद्रधनुषी चमकीची) ४९९, जांभळी २५०, निळी १५०, हिरवी ९९, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५ आणि सुपरफ्रॅक्टर एकच. चित्र तेच, सही तीच. किनारीच्या रंगाने भाव दुप्पट-चौपट होतो. त्यातही खेळाडूच्या जर्सीच्या क्रमांकाशी जुळणारी प्रत, जसे जॉर्डन किंवा बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सच्या बाबतीत तेविसावी, अधिक भाव खाते.

‘एकमेव प्रत’ या शब्दांनी मात्र भुलू नये. एका हंगामात एकाच खेळाडूची दहा-बारा संचांत दहा-बारा ‘एकमेव’ कार्डे निघू शकतात. छपाईच्या निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार धातूच्या पट्ट्याही सही घेऊन विकल्या जातात. प्रत्येकीवर १/१ लिहिलेले असते आणि त्या असतात चार. खरा दुर्मिळपणा मोजताना त्या खेळाडूने एकूण किती सह्या केल्या आणि पुढे किती करील, हे पाहावे लागते. पंचविशीतला खेळाडू दर हंगामात हजारो सह्या करतो. कोबी ब्रायंट २६ जानेवारी २०२० ला गेला आणि त्या दिवशी त्याच्या सह्यांची संख्या गोठली. जॉर्डनबरोबर त्याने एकाच कार्डावर केलेली सही पुन्हा होणे नाही. त्या शंभर कोटींमधला फार मोठा हिस्सा या एका वस्तुस्थितीचा आहे.

तिसरी गोष्ट, कारकिर्दीतले कोणते कार्ड. बाजाराचा सगळा ओढा पहिल्या वर्षाकडे असतो, म्हणजे ज्याला ‘रूकी’ म्हणतात त्या कार्डाकडे. २००३ मध्ये अपर डेकने ‘एक्झक्विझिट’ नावाचा संच काढला. पाच कार्डांच्या पेटीची छापील किंमत तेव्हा ५०० डॉलर होती आणि लोकांना ती वेडेपणाची वाटली. त्यात लेब्रॉन जेम्सचे पहिल्या हंगामातले, सही आणि जर्सीचा तुकडा असलेले कार्ड होते : मुख्य आवृत्तीच्या ९९ प्रती आणि दुसरीच्या फक्त २३. या दुसऱ्या आवृत्तीची एक प्रत एप्रिल २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरला गेली.

अमेरिकन फुटबॉलमध्ये टॉम ब्रेडीचे उदाहरण घ्या. २००० साली संघांनी नवोदित खेळाडू निवडले तेव्हा त्याचा क्रमांक १९९ वा होता. त्याच्या सहीची किंमत करणारे तेव्हा कोणी नव्हते. प्लेऑफ कंटेंडर्स संचातल्या त्याच्या सहीच्या ‘चॅम्पियनशिप तिकीट’ कार्डाच्या १०० प्रती निघाल्या. त्यांतली एक जून २०२१ मध्ये ३१ लाख डॉलरपर्यंत गेली. ज्या कार्डाकडे त्या वेळी दुर्लक्ष झाले, त्याच्या चांगल्या प्रती थोड्या उरतात.

बेसबॉलमध्ये आणखी एक पेच आहे आणि तो नवख्याला हमखास अडवतो. माइक ट्राउटचे अधिकृत रूकी कार्ड २०११ च्या टॉप्स अपडेट संचातले. पण सर्वाधिक पैसे आले ते २००९ च्या बोमन क्रोममधल्या सहीच्या सुपरफ्रॅक्टरला, म्हणजे तो मुख्य लीगमध्ये एकही सामना खेळलेला नसतानाच्या कार्डाला. २०१८ मध्ये सुमारे ४ लाख डॉलरला गेलेले ते कार्ड ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजारांना विकले गेले. बेसबॉलमध्ये खेळाडूची पहिली बोमन सही रूकीपेक्षा भारी धरतात. हा संकेत माहीत नसलेला माणूस चुकीचे कार्ड बरोबर भावात घेतो.

परवान्याचाही प्रश्न असतो. कार्ड छापणाऱ्या कंपनीचा खेळाडूशी करार आहे पण लीगशी नाही, असे झाले की कार्डावर संघाचे नाव आणि बोधचिन्ह येत नाही. जॉर्डनचा १९९२ पासून अपर डेकशी करार. २००९ नंतर अपर डेककडे एनबीएचा परवाना उरला नाही, म्हणून त्यांच्या त्यानंतरच्या सहीच्या कार्डांवर जॉर्डन नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या जर्सीत दिसतो. सही खरी, हमी खरी, तरी शिकागो बुल्सच्या लाल जर्सीतल्या कार्डाचा भाव त्याला येत नाही.

जर्सीच्या तुकड्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिथे उघड फसवणूक चालते. कार्डाच्या मागचा मजकूर वाचल्याशिवाय तुकड्याला किंमत देऊ नये. ‘या सामन्यात वापरलेली’ असे असेल तर उत्तम. ‘खेळाडूने घातलेली’ याचा अर्थ छायाचित्राच्या दिवशी दोन मिनिटे अंगावर चढवलेली असाही असतो. आणि पनिनी या कंपनीच्या कित्येक कार्डांवर स्पष्ट लिहिलेले असते की आतला कापडाचा तुकडा कोणत्याही विशिष्ट खेळाडूशी, सामन्याशी किंवा प्रसंगाशी संबंधित नाही. हे वाक्य बारीक टाइपात असते, पण असते. याच्या उलट टोकाला बेसबॉलपटू पॉल स्किन्सचे कार्ड. त्याने ११ मे २०२४ ला मुख्य लीगमधला पहिला सामना खेळला तेव्हा जर्सीच्या बाहीवर असलेली खास पट्टी काढून एकाच सहीच्या कार्डात बसवली गेली. ते कार्ड मार्च २०२५ मध्ये ११ लाख १० हजार डॉलरला गेले, म्हणजे नऊ कोटी रुपयांहून अधिक. तुकडा कुठला, कोणत्या दिवशीचा, हे तिथे निर्विवाद होते.

फसवणूक अशी होते : साध्या पांढऱ्या कापडाचा तुकडा असलेले कार्ड घ्यायचे, मागचा थर उकलायचा, आत तीन-चार रंगांचा झोकदार तुकडा घालायचा आणि पुन्हा चिकटवायचे. सही आणि क्रमांक खरेच असतात, म्हणून पहिल्या नजरेला काही खटकत नाही. बचाव एकच. ज्या क्रमांकाची प्रत विकायला आहे त्याच क्रमांकाचे जुने लिलावाचे छायाचित्र शोधावे आणि तुकड्यातल्या शिवणीची रेघ जुळते का ते पाहावे. कडेने पाहिल्यावर थरांमध्ये डिंकाची चमक किंवा फट दिसली तर तेही पुरेसे आहे.

अवस्थेची श्रेणी पीएसए, बेकेट, एसजीसी अशा संस्था १ ते १० मध्ये देतात आणि कार्ड बंद प्लास्टिकच्या पेटीत ठेवतात. बाजारात या पेटीला ‘स्लॅब’ म्हणतात. चार गोष्टी तपासतात : चित्र मध्यभागी आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. पूर्ण दहा हवे असतील तर समोरच्या दोन बाजूंची किनार साधारण ५५ विरुद्ध ४५ या प्रमाणाच्या आत असावी लागते. सहीला वेगळी श्रेणी असते. सहीला दहा मिळणे तुलनेने सोपे, कार्डाला दहा मिळणे कठीण. ‘ऑटो १०’ (म्हणजे सहीला दहा) हे मोठ्या अक्षरांत दाखवून कार्डाची ७ ही श्रेणी लपवणारे विक्रेते पुष्कळ आहेत. लेबलावर दोन अंक असतील तर दोन्ही वाचावेत. जाड जर्सीच्या कार्डांचे कोपरे पाकिटातच चेपतात, त्यामुळे त्यांना ९ मिळाले तरी उत्तम. आणि फारच दुर्मिळ कार्डाला अवस्था माफ असते. शंभर कोटींच्या त्या जॉर्डन-कोबी कार्डाची पीएसए श्रेणी होती ६. नव्वद प्रतींच्या कार्डाला हीच श्रेणी मिळाली असती तर भाव कोसळला असता.

स्लॅबही खोटे निघतात. लेबलावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण बनावट पेटीवर खऱ्या कार्डाचा क्रमांक छापलेला असू शकतो. तिथे कार्डाचे छायाचित्र दिलेले असेल तर सहीची एक-एक ओढ जुळवून पाहावी. दोन सह्या कधीच तंतोतंत सारख्या नसल्यामुळे सहीचे कार्ड स्वतःच स्वतःचा ठसा असते. सही नसलेल्या कार्डाला ही सोय नाही.

किमतीबद्दल एवढेच : मागितलेली किंमत पाहू नये, झालेले व्यवहार पाहावेत. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी काढता येते. तोच खेळाडू, तेच वर्ष, तीच आवृत्ती आणि तीच श्रेणी अशा गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या निदान तीन व्यवहारांवरून अंदाज बांधावा. लिलावाच्या बातमीतल्या आकड्यात लिलावगृहाचा खरेदीदाराकडून घेतलेला अधिभार बहुधा मिळवलेला असतो, तो विकणाऱ्याच्या हाती जात नाही. आणि वेळ फार मोठी गोष्ट आहे. लेब्रॉनच्या त्याच २३ प्रतींच्या आवृत्तीतली ९.५ श्रेणीची प्रत जुलै २०२० मध्ये १८ लाख ४५ हजार डॉलरला गेली होती. नऊ महिन्यांनी तिच्याहून अर्ध्या श्रेणीने खाली असलेली प्रत ५२ लाखांना गेली. टाळेबंदीच्या काळातली ती लाट २०२२ मध्ये ओसरली आणि चढत्या भावात नवोदितांची कार्डे घेतलेले लोक अडकले. बास्केटबॉलपटू झायन विल्यमसनच्या कार्डांचे भाव त्याच्या दुखापतींबरोबर खाली आले, हे सगळ्यांनी पाहिले. गुंतवणूक म्हणून मुलांच्या हाती ही कार्डे देणाऱ्या पालकांनी हे आधी समजून घ्यावे, असे कळकळीने वाटते.

आपल्या हवेत कार्डे सांभाळणे हा वेगळाच विषय आहे. पावसाळ्यातल्या दमटपणाने चकचकीत क्रोम कार्डे धनुष्यासारखी वाकतात आणि स्टिकरच्या सह्या कडेने सुटतात. आधी पातळ पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, मग जाडीनुसार कडक धारक. जाडी ‘पॉइंट’मध्ये मोजतात, एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. साधे कार्ड ३५ पॉइंटच्या धारकात बसते, जर्सीच्या तुकड्याच्या कार्डाला १३० किंवा १८० लागतो. छोट्या धारकात कोंबलेले कार्ड कडेने फाटते, मोठ्यात ढिले राहिलेले हलून कोपरे गमावते. पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात, त्यांतला मऊपणा आणणारा द्रव शाई उचलतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून दर पावसाळ्यात बदलाव्यात. डांबरगोळ्या त्या कपाटात नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडते. आणि भिंतीवर टांगून ऊन दाखवलेली निळी मार्करची सही काही वर्षांत फिकी होते. तिला परत आणता येत नाही.

हे सगळे अमेरिकेतले, त्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी घरांतली मुले ही कार्डे जमवतात आणि इथल्या आजी-आजोबांकडून भेटीचे पैसे त्यात जातात. आणि इथे सहीच्या बॅटी, चेंडू, छायाचित्रे धर्मादाय कार्यक्रमांत आणि ऑनलाइन विकली जातात, तेव्हा वरचेच प्रश्न लागू पडतात. छोट्या शोभेच्या बॅटींवरच्या अख्ख्या संघाच्या सह्या पुष्कळदा छापील असतात. भिंगाखाली पाच सेकंदांत कळते. ज्या कार्यक्रमात खेळाडू खरोखर सह्या करतो, तिथल्या आयोजकांनी त्या क्षणाचे छायाचित्र, तारीख, वस्तूवरचा एक न पुसणारा क्रमांक आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असलेली नोंद एवढे जरी ठेवले, तरी वीस वर्षांनी त्या वस्तूला आधार राहील. याला खर्च जवळजवळ नाही. क्रिकेट संघटनांनी हे नियमाने करावे, असा आग्रह आपल्या दैनिकाने धरावा.

शेवटी, मराठी घरांत खरोखर मोलाचे काही असेल तर ते कार्ड नसून सह्यांची जुनी वही असण्याची शक्यता अधिक. ब्रेबॉर्नवर कसोटी सामने होत तेव्हा मुले वही घेऊन उभी राहत. विनू मंकड, विजय मर्चंट, विजय हजारे यांच्या फाउंटन पेनच्या सह्या अशा वह्यांत आहेत. त्या विकायच्या नसल्या तरी त्यांची एक गोष्ट पाळावी : पाने कापू नयेत. कापलेली सही एकटी पडते. पूर्ण पानावर तारीख, सामन्याचे नाव, शेजारच्या खेळाडूच्या सह्या आणि त्या काळचा कागद यांचा एकमेकांना दुजोरा मिळतो, आणि तज्ज्ञ तेच पाहतात. फिकी पडलेली सही नव्या पेनाने गिरवू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. उष्णतेने आणि डिंकाने शाई कायमची बिघडते आणि तो थर पुन्हा निघत नाही. प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, वही कोणाची, कोणत्या वर्षांतली, सह्या कुठे घेतल्या हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहावे, खाली त्यांची सही घ्यावी आणि तो कागद वहीसोबत ठेवावा. विचारायला माणसे आहेत तोवर हे करावे.

आपला,
एक वाचक व संग्राहक, ठाणे